एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स: घड्याळ साडेपाच तास का चुकते आणि ते कायमचे कसे सुधारावे

ज्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेले आहेत, त्याचे घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी मागे-पुढे होत राहते. आपण हाताने वेळ लावतो, दोन दिवस ठीक चालते, पुन्हा तेच. दुकानदार बॅटरी बदलून देतो, तरी फरक पडत नाही. कारण बिघाड घड्याळात नसतोच. दोन सिस्टिम एकच घड्याळ दोन वेगवेगळ्या अर्थांनी वाचतात, एवढेच कारण आहे. ते एकदा समजले की उपाय पंधरा मिनिटांचा आहे, आणि तो फुकट आहे.

हा प्रश्न आता जास्त घरांत दिसू लागला आहे. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून मुले उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकून घेतात. पण विंडोज पूर्ण काढून टाकता येत नाही. उर्दूच्या प्रश्नपत्रिका इनपेजवर, मराठीचे जुने काम श्रीलिपीवर, दुकानाचा हिशेब टॅलीवर. मग दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी राहतात. लॅपटॉप चालू करताना यादी येते, त्यातून एक निवडायची. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

कॉम्प्युटरमध्ये घड्याळे दोन असतात

पहिले घड्याळ मदरबोर्डवर असते. त्याला आरटीसी म्हणतात, काही जण सीमॉस घड्याळ किंवा बायोसचे घड्याळ म्हणतात. लॅपटॉप बंद असतानाही ते चालते. डेस्कटॉपमध्ये आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्यासाठी नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी असते. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर२०३२ नावाची असते. आत क्वार्ट्झचा छोटा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून एक सेकंद मोजला जातो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हेच तंत्र असते.

दुसरे घड्याळ सिस्टिमचे. विंडोज किंवा लिनक्स चालू होताना मदरबोर्डवरच्या घड्याळाकडून एकदा वेळ विचारून घेते आणि पुढे स्वतः मोजत राहते. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपल्याला दिसते ते हे दुसरे घड्याळ.

मुख्य मुद्दा असा की मदरबोर्डवरच्या घड्याळात फक्त तारीख आणि वेळ लिहिलेली असते. ती वेळ भारताची की ग्रीनिचची, हे तिथे कुठेच लिहिलेले नसते. ज्याने वाचायचे त्याने आपल्या समजुतीने वाचायचे.

विंडोजची समजूत: तिथे लिहिलेली वेळ म्हणजे स्थानिक वेळ, आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ. डॉसच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत आहे.

लिनक्सची समजूत: तिथे लिहिलेली वेळ म्हणजे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळवून मग ती आपल्याला दाखवायची.

मदरशात शिकलेल्या मुलांना हे लगेच कळेल. अरबी अंकांत पाच हा आकडा गोल काढतात. फक्त मराठी वाचणारा तो शून्य समजतो. कागदावरची खूण तीच, वाचणारे दोन. कागद बदलून उपयोग नाही, दोघांनी एक वाचन ठरवले पाहिजे.

साडेपाच तासच का?

भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर धरली आहे. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. साडेब्याऐंशीला पंधराने भागले की साडेपाच येतात. म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे.

मुंबईच्या जुन्या लोकांना दोन वेळांचा घोळ नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, पण मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होती. कोणी वेळ सांगितली की ‘कोणती वेळ?’ हे विचारावे लागे. आपल्या लॅपटॉपमध्ये हाच प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून गडबड होते.

गडबड नेमकी अशी होते

१. दुपारचे २ वाजले आहेत. तुम्ही लिनक्समध्ये आहात आणि नेट चालू आहे. लिनक्स मदरबोर्डवर यूटीसी लिहिते, म्हणजे सकाळचे ८:३०. नेटवरून वेळ जुळत असेल तर ही नोंद साधारण दर ११ मिनिटांनी होत राहते.

२. तुम्ही लॅपटॉप रिस्टार्ट करून विंडोजमध्ये जाता. विंडोज ८:३० वाचते आणि त्यालाच स्थानिक वेळ समजते. घड्याळ साडेपाच तास मागे.

३. तुम्ही हाताने २ वाजवता. विंडोज मदरबोर्डवर २ लिहून ठेवते.

४. परत लिनक्समध्ये आलात की लिनक्स २ वाचते, त्यात साडेपाच मिळवते आणि संध्याकाळचे ७:३० दाखवते.

नेट असले की थोड्या वेळाने घड्याळ आपोआप बरोबर होते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण त्या मधल्या वेळेत आणि नेट नसताना नुकसान होते.

यात बिघडते काय?

सर्वात आधी नमाज आणि रोजा. अनेक घरांत, काही मस्जिदींच्या ऑफिसातही, कॉम्प्युटरवर अजानचे सॉफ्टवेअर असते. ते सूर्याच्या गणितावरून वेळा काढते, पण अजान वाजवते ती कॉम्प्युटरच्या घड्याळावर. समजा रमजानमध्ये मगरीब ६:५० ला आहे. घड्याळ साडेपाच तास पुढे असेल तर मगरीबची अजान दुपारी १:२० ला वाजेल. बाहेर ऊन असल्यावर मोठे माणूस फसणार नाही. पण पडदे ओढलेल्या खोलीत झोपून उठलेले आजारी आजोबा किंवा पहिला रोजा धरलेले मूल अजान ऐकून खजूर तोंडात टाकू शकते. घड्याळ मागे असेल तर उलटे होईल: पहाटे ४:३० ला लावलेला सहरीचा गजर सकाळी १० वाजता वाजेल.

तारीखही चुकते. पहाटे ४:३० ला घड्याळ साडेपाच तास मागे असेल तर ते आदल्या रात्रीचे ११ दाखवेल. म्हणजे कॅलेंडरमध्ये कालचाच दिवस.

दुसरे नुकसान अर्जांचे. शिष्यवृत्ती, सीईटी, हजचा अर्ज यांची मुदत सर्व्हरच्या घड्याळावर संपते, तुमच्या नाही. रात्रीचे ११:३० झाले असताना लॅपटॉप संध्याकाळचे ६ दाखवत असेल तर मुलगी म्हणेल, ‘अम्मी, अजून खूप वेळ आहे.’ प्रत्यक्षात अर्धा तास उरलेला असतो.

तिसरे, लॉगिन. काही खात्यांसाठी अ‍ॅप दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड देते. तो कोड वेळेवरून तयार होतो. कोड देणाऱ्या यंत्राचेच घड्याळ चुकीचे असेल तर कोड नाकारला जातो.

चौथे, फायली. लिनक्समध्ये दुपारी सुधारलेली प्रश्नपत्रिका आणि विंडोजमध्ये संध्याकाळी सुधारलेली प्रश्नपत्रिका, यातली नवी कोणती हे कॉम्प्युटर वेळेवरूनच ठरवतो. बॅकअप घेताना जुनी प्रत नव्यावर बसू शकते.

आधी रोग ओळखा

उपाय करण्यापूर्वी फरक किती आहे ते मोबाइलशी ताडून पाहा.

- फरक बरोबर साडेपाच तास आणि सिस्टिम बदलल्यावरच येतो: हाच प्रश्न. खालचा उपाय करा.
- फरक एक तास, दीड तास, अडीच तास असा ठरावीक आणि दोन्ही सिस्टिममध्ये किंवा एकीतच कायम: टाइम झोन चुकीचा निवडला आहे. विंडोजमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही नावे असलेली ओळ निवडा. लिनक्समध्ये आशिया विभागातील कोलकाता निवडा.
- तारीख एकदम काही वर्षे मागे जाते: मदरबोर्डची बॅटरी संपली.
- महिन्यात मिनिटभर फरक: स्फटिकाची साधी चूक. नेटवरून वेळ जुळवणे चालू केले की पुरे.
- बाकी सगळ्या अजान बरोबर, फक्त असरची पाऊण-एक तासाने वेगळी: घड्याळाचा दोष नाही. सॉफ्टवेअरमध्ये असरसाठी हनफी आणि शाफई असे दोन पर्याय असतात. कोकणातील बहुतेक घरे शाफई आहेत, उरलेल्या महाराष्ट्रात बहुतेक हनफी. आपला पर्याय निवडा.

उपाय पहिला: विंडोजला यूटीसी वाचायला सांगा

दोन्ही उपायांत हाच चांगला. मदरबोर्डवर यूटीसी ठेवली की लॅपटॉप कुठल्याही देशात न्या, मूळ नोंद बदलावी लागत नाही. यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करावी लागते. शाळेचा किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर आधी परवानगी घ्या. अ‍ॅडमिन खाते लागेल. खालची नावे टाईप करताना इंग्रजी अक्षरांतच करायची आहेत.

१. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात रेजएडिट (आर-ई-जी-ई-डी-आय-टी) टाईप करून एंटर दाबा. परवानगी विचारली तर ‘येस’ म्हणा.

२. फाइल मेनूत ‘एक्सपोर्ट’ आहे. त्याने रजिस्ट्रीची एक प्रत डेस्कटॉपवर ठेवा. चुकून काही झाले तर ती कामी येते.

३. डावीकडच्या यादीत क्रमाने उघडत जा: एचकी लोकल मशीन, मग सिस्टिम, मग करंट कंट्रोल सेट, मग कंट्रोल, आणि शेवटी टाइम झोन इन्फर्मेशन.

४. उजवीकडे रिकाम्या जागी माऊसचे उजवे बटण दाबा. ‘न्यू’ आणि मग ‘डीवर्ड ३२ बिट व्हॅल्यू’ निवडा.

५. नाव द्या: रिअल टाइम इज युनिव्हर्सल. हे चार इंग्रजी शब्द आहेत, मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे. स्पेलिंग बिनचूक हवे. एक अक्षर चुकले तरी विंडोज त्याकडे बघणार नाही, आणि चूक झाल्याचे सांगणारही नाही.

६. त्या नावावर दोनदा क्लिक करा, किंमत ० च्या जागी १ करा, ‘ओके’ दाबा.

७. ‘रिस्टार्ट’ निवडा. ‘शट डाऊन’ नको, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही.

पहिल्यांदा चालू झाल्यावर घड्याळ साडेपाच तास पुढे दिसले तर घाबरू नका. मदरबोर्डवर जुनी स्थानिक वेळ अजून शिल्लक आहे. सेटिंग्जमध्ये ‘डेट अँड टाइम’ उघडून ‘सिंक नाऊ’ दाबा. नवी नोंद यूटीसीत होईल.

लिनक्सच्या बाजूला सहसा काही करावे लागत नाही. तरी खात्री करा. टर्मिनल उघडा आणि टाइमडेटसीटीएल ही कमांड द्या: टाइम आणि डेट हे दोन शब्द, मग सी, टी, एल ही अक्षरे, सगळे जोडून, लहान लिपीत. उत्तरात स्थानिक वेळ, जागतिक वेळ आणि आरटीसीची वेळ अशा ओळी येतात. आरटीसीची वेळ जागतिक वेळेइतकीच असली पाहिजे. शेवटच्या ओळीत आरटीसी स्थानिक वेळेत आहे का, याचे उत्तर ‘नो’ हवे. ‘येस’ असेल तर तीच कमांड, मग जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी (मध्ये आडव्या रेघा), पुन्हा जागा आणि शून्य असे द्या. त्याआधी स्क्रीनवरची वेळ बरोबर आहे ना ते बघा, कारण तीच मदरबोर्डवर लिहिली जाते.

एक महत्त्वाची सूचना. या उपायानंतर बायोसमध्ये शिरलात तर तिथले घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. ते चुकलेले नाही, ती यूटीसी आहे. रिपेअरवाला ‘टाइम चुकलाय’ म्हणून ते सुधारायला जाईल. त्याला थांबवा.

उपाय दुसरा: लिनक्सला स्थानिक वेळ वाचायला सांगा

विंडोजच्या रजिस्ट्रीला हात लावायचा नसेल, किंवा अ‍ॅडमिन खाते नसेल, तर हा उपाय आहे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये वरचीच कमांड द्या, फक्त शेवटी शून्याऐवजी १ लिहा. पासवर्ड विचारेल तो द्या. झाले.

यानंतर लिनक्स स्वतःच इशारा दाखवते की या पद्धतीला पूर्ण पाठिंबा देता येत नाही. मुख्य अडचण उन्हाळी वेळेची आहे. भारतात घड्याळ उन्हाळ्यात पुढे आणि हिवाळ्यात मागे करत नाहीत, म्हणून इथे हा उपायही चालून जातो.

दोन्ही उपाय एकदम करू नका. विंडोज यूटीसी वाचू लागली आणि लिनक्स स्थानिक, तर पुन्हा साडेपाच तासांचा घोळ, फक्त उलट दिशेने.

परदेशातल्या घरांसाठी

रत्नागिरी, रायगडच्या कित्येक घरांतली माणसे आखातात आहेत. सौदी, कुवेत, कतार, बहरीन यूटीसीच्या ३ तास पुढे, तर अमिरात आणि ओमान ४ तास पुढे आहेत. म्हणून तिथे हाच दोष ३ किंवा ४ तासांचा दिसतो. सुट्टीत लॅपटॉप घेऊन गावी आल्यावर फक्त दोन्ही सिस्टिममध्ये टाइम झोन बदलायचा, मदरबोर्डच्या वेळेला हात लावायचा नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना हिवाळ्यात काहीच कळत नाही, कारण तिथली वेळ आणि यूटीसी तेव्हा एकच असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे गेली की दोष उघड होतो. मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवली असेल तर दोन्ही सिस्टिम आपापला एक तास वाढवतात आणि घड्याळ दोन तास पुढे जाऊ शकते. तिथे पहिलाच उपाय करावा.

नेटवरून वेळ जुळवणे चालू ठेवा

विंडोजमध्ये ‘डेट अँड टाइम’मध्ये वेळ आपोआप लावण्याचे बटण चालू ठेवा. लिनक्समध्येही तसेच बटण असते. भारताची अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. तिथे सीझियमच्या अणुघड्याळांवर वेळ मोजली जाते आणि ती नेटवरूनही मिळते. पण घरच्या वापरासाठी विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासून दिलेले सर्व्हर पुरेसे आहेत.

फरक खूप मोठा असेल, घरच्या विंडोजवर १५ तासांहून जास्त, तर विंडोज आपणहून तो सुधारत नाही. तेव्हा आधी तारीख आणि वेळ हाताने जवळपास लावा, मग ‘सिंक नाऊ’ दाबा.

बॅटरी संपली असेल तर

तारीख मागे जात असेल तर वेबसाइट उघडताना ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असा संदेश येतो आणि पान उघडत नाही. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, ती तुमच्या घड्याळाशी जुळत नाही. डेस्कटॉपची बॅटरी घरी बदलता येते: वायर काढा, जुनी बॅटरी कशी बसवली होती ते बघून नवी तशीच बसवा. लॅपटॉपमध्ये ती कधी वायरसकट असते, तिथे कारागिराकडे जा. नवी बॅटरी बसवल्यावर वेळ बायोसमध्ये नको, लिनक्समध्ये नेट लावून जुळवा. यूटीसी आपोआप लिहिली जाईल.

झाले की नाही, अशी परीक्षा घ्या

परीक्षा नेट बंद करून घ्यायची. नेट चालू असेल तर चूक झाकली जाते.

विंडोजमध्ये वेळ जुळवा, वायफाय बंद करा, रिस्टार्ट करून लिनक्समध्ये जा. तिथेही वायफाय बंद करा आणि मोबाइलशी वेळ ताडा. मग पुन्हा रिस्टार्ट करून विंडोजमध्ये या आणि परत ताडा. दोन्ही वेळा मिनिटाचाही फरक नसेल तर काम झाले. विंडोजचे मोठे अपडेट आल्यावर आणि पेन ड्राइव्हवरून एखादे लिनक्स चालवून पाहिल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या, कारण पेन ड्राइव्हवरचे लिनक्सही मदरबोर्डवर आपल्या पद्धतीने वेळ लिहू शकते.

ही परीक्षा रमजान लागण्यापूर्वी एकदा करून टाकावी. आणि अजानच्या सॉफ्टवेअरची सवय कितीही लागली असली तरी घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा: नमाजची वेळ सूर्यावरून ठरते, सॉफ्टवेअर फक्त आठवण करून देते. सहरी बंद करताना आणि रोजा सोडताना मोहल्ल्याच्या मस्जिदीचे वेळापत्रक आणि भिंतीवरचे घड्याळ बघूनच हात पुढे करावा.